निवडणुकीतल्या पैशाचे अनुभव (कोल्हापूर आणि आसपास)

रंकाळाकाठ
काल माळा आवरताना स्टीलचा डबा सापडला. झाकणावरचं स्टिकर आईनं तेव्हाच खरवडलेलं, तरी चिन्हाचा अर्धा ठसा राहिलाय. पालिकेच्या निवडणुकीत घरोघर वाटले होते. आजोबा म्हणाले, ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं. आईनं डब्यात मीठच भरलं आणि मत दुसऱ्याला दिलं. पण पुढं गल्लीतलं गटार तुंबलं की नगरसेवकाकडं जायला तिचा पाय निघायचा नाही. "म्हणंल, डबा दिलाय की!"
तुमचं लिहा. नावं नकोत.

तांबडा_पांढरा
डबा?? लई श्रीमंत वॉर्ड तुमचा. आमच्यात नुसत्या जेवणावळी. तालमीमागची चूल महिनाभर विझली न्हाई. मी तिघांकडं जेवलो, तिघंबी पडले 😂

पेठेतली_सून
आमच्या घरात मतं सहा म्हणून पाकिटं सहा. सासऱ्यांनी सगळी स्वतःकडंच ठेवली. माझं मागितलं तर म्हणाले, तुझं मत काय वेगळं हाय का? होतं. सांगितलं नाही. कुकर लावलाय, येते.

हिशेबनीस
2014 ला विधानसभेच्या एका उमेदवाराची खर्चाची वही मी लिहिलीय. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालयाच्या पत्रकात. मर्यादा तेव्हा 28 लाख होती (आता 40, लोकसभेला 95). मैदानात पाय ठेवायला जागा नाही आणि मी लिहितोय, खुर्च्या 200. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा, दिला. निम्म्यावरसुद्धा गेला नाही! खरी वही एकाच्या गाडीच्या डिकीत असायची, ती कधी बघायला मिळाली नाही.

तांबडा_पांढरा
@हिशेबनीस त्या दरपत्रकात मटण थाळी कितीला धरतात?

हिशेबनीस
तू जेवलास ती त्यात नव्हती भावा.

काळा_कोट
मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. 1974 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा. सरकारनं त्याच वर्षी कायदाच बदलला. निवडणूक रोखे, म्हणजे नाव न कळता पक्षाला देणगी द्यायची सोय, 2018 ला आले, 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरले, कारण पक्षाला पैसा कोण देतंय हे मतदाराला कळायलाच हवं. पाकीट देणारा निदान दारात तरी येतो.

म्हैसवाला_करवीर
आमचे मामा गावच्या दूध संस्थेचे ठरावधारक, म्हणजे संस्थेच्या वतीनं मत देणारे. दूध संघाच्या निवडणुकीला संस्थेमागं एकच मत, म्हणजे मामा म्हणजे अख्खं गाव. पंधरा दिवस गोव्याला सहल, मोबाइल काढून घेतलेले, मतदानादिवशी थेट केंद्रावर उतरवले. इकडं म्हैस अडली. मामी रात्रभर एकटी गोठ्यात. रेडकू गेलं. मामा येताना काजू घेऊन आले. मामीनं पुडी अजून फोडलेली नाही.

रंकाळाकाठ
अरेरे. म्हैस वाचली का?

म्हैसवाला_करवीर
वाचली. दोन वेळचं नऊ लिटर देते आता. डॉक्टर चांगला मिळाला, उचगावचा.

तांबडा_पांढरा
नऊ? पेंड कुठली घालता? आमची सहावर अडकलीय.

पेठेतली_सून
आले. त्या सहा पाकिटांत सासऱ्यांनी थोडे घालून मोबाइल घेतला. दोन वर्षांनी स्क्रीन तडकली तेव्हा मला दिला. त्याच्यावरूनच लिहितेय हे 😀

रंकाळाकाठ
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, डबा भंगारात घालू नको, बूड जाड आहे.