चावली, डसली की नांगी मारली? कीटकदंशाच्या वेदनेचे शब्द

कुळागर : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका निसर्गशिबिरासाठी दोन पानी पत्रक करायचे आहे. कोणता कीटक डसला तर किती दुखते, कसे दुखते आणि लगेच काय करायचे, एवढाच मजकूर. अडते आहे ते शब्दांपाशी. आपल्याकडे कुत्रा चावतो, साप चावतो, डास चावतो आणि मधमाशीही चावतेच. पत्रकात मात्र चावणारे आणि नांगी मारणारे वेगळे दाखवायला हवेत, कारण दोघांवरचा पहिला उपाय वेगळा. दुसरे म्हणजे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांच्या डंखाची वेदना सांगणाऱ्या १ ते ४ या मापाला 'वेदना निर्देशांक' म्हणावे का? आणि आग, कळ, ठणका हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

खाजन : निर्देशांक नको. 'श्रेणी' म्हणा, नाहीतर सरळ 'पायरी'. महागाईचा निर्देशांक मोजलेल्या आकड्यांवरून काढतात, त्यातल्या टक्केवारीला अर्थ असतो. श्मिट (१९४७-२०२३) यांनी स्वतःला झालेल्या दंशांची तुलना करून क्रम लावला. ४ म्हटले की २ च्या दुप्पट दुखते असे वाचक धरून चालतो, आणि ते चूक आहे. पाश्चात्त्य पाळीव मधमाशीचा डंख त्यांनी २ वर ठेवला आणि बाकीचे त्याच्या वरखाली बसवले. अंगावरचा घाम चाटायला येणाऱ्या बारीक माश्या १ वर, अमेरिकेतल्या हार्वेस्टर मुंग्या ३ वर, आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतली बुलेट मुंगी ४ वर.

सातेरी किंवा आग्या या आपल्याकडच्या मधमाश्यांपुढे मात्र हा २ छापू नका. तो आकडा दुसऱ्या जातीचा आहे.

अंकाशेजारी वेळही हवा. टॅरँटुला हॉक ही कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशीही ४ वरच आहे, पण तिची वेदना पाचेक मिनिटांत ओसरते. बुलेट मुंगीची दिवसभर छळते. नुसत्या '४' मधून हा फरक कळत नाही. शिवाय डंख कुठे बसला तेही लिहा. मायकेल स्मिथ या संशोधकाने २०१४ साली स्वतःच्या शरीराच्या २५ जागांवर मधमाशीचे डंख घेऊन १ ते १० असे गुण दिले. नाकपुडीला ९, वरच्या ओठाला ८.७, तर डोक्याच्या कवटीला आणि दंडाला २.३. माशी तीच, पण अनुभवात एवढे अंतर.

मांडवीकाठ : 'चावली' हे बोलण्यातले क्रियापद आहे, त्याला चूक ठरवू नये. गोव्यात तर कोकणीतले 'चाबलो' कानावर सतत असते, त्यामुळे मराठी बोलतानाही तेच तोंडात येते. पत्रकासाठी अशी वाटणी सुचवतो : तोंडाने घेतला तो चावा, नांगीने मारला तो डंख, आणि दोन्ही मिळून बोलायचे तेव्हा दंश. 'डसणे' साप आणि विंचवाला शोभते, मधमाशीलाही चालते, मुंगळ्याला कानाला खटकते. मधमाशीच्या नांगीला लोक 'काटा' म्हणतात. तोच शब्द ठेवा, कारण सूचना 'काटा काढा' अशीच द्यायची आहे.

हा काटा मुळात अंडी घालण्याच्या अवयवापासून घडलेला, म्हणून डंख मारते ती फक्त मादी. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. तो कातडीत अडकतो, विषाच्या पिशवीसकट तुटून राहतो, आणि माशी उडून गेल्यावरही पिशवी विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत जाते. त्यामुळे 'नखाने किंवा कार्डाने हळूच खरवडून काढा, चिमटीत धरू नका' ही जुनी सूचना छापू नका. खरवडायला कार्ड शोधण्यात जेवढे सेकंद जातात त्याचे नुकसान जास्त. 'हाताला येईल तसा, ताबडतोब उपसा' असे लिहा. आणि लगेच तिथून दूर व्हा, कारण तुटलेल्या काट्यापाशी धोक्याचा गंध सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि त्यावर बाकीच्या माश्या येतात. आग्या मोहोळाखाली याच कारणाने एका डंखाचे पन्नास होतात.

गांधीलमाशीचा काटा सहसा अडकत नाही. ती पुन्हा पुन्हा मारते. तिच्यापुढे 'काटा काढा' लिहिले तर माणूस नसलेला काटा शोधत जखम उकरत बसेल.

पाटो : हुमले राहिले. काजूच्या हंगामात सर्वाधिक गाठ त्यांच्याशीच पडते, आणि शब्द नेमका लागतो तोही इथेच. पाने शिवून घरटे करणारी ही तांबडी मुंगी नांगी मारत नाही. जबड्याने कातडी चिमटते आणि पोट वाकवून त्या चिमट्यावर फॉर्मिक आम्ल फवारते. म्हणजे हा शुद्ध चावा. दुखणे म्हणाल तर झोंबते, ओरखड्यावर लिंबू पिळावे तसे. आम्ल वरच्यावर असल्याने भरपूर पाण्याने धुतले की बरेच कमी होते. मधमाशीचे विष कातडीखाली गेलेले असते, ते धुऊन निघत नाही.

प्रमाण मराठीत काही लिहा, पण गोव्यातल्या पत्रकात 'हुमले' हाच शब्द ठेवा. 'तांबड्या मुंग्या' म्हटले की लोकांना साखरेच्या डब्यातल्या आठवतील.

खाजन : आता वेदनेचे शब्द. ते एकमेकांच्या जागी अजिबात चालणार नाहीत, कारण प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. सातेरीचा एक डंख घ्या. पहिल्या क्षणी कळ जाते, टोकदार आणि वर चढणारी. मग काही मिनिटे आग. त्यानंतर नाडीच्या ठोक्याबरोबर चढउतार होणारा ठणका. दुसऱ्या दिवशी सूज, कंड, आणि नुसते कापड लागले तरी हुळहुळणे. 'ठसठस' ठणक्याहून हलकी, पिकत आलेल्या गळवाची. काटा आत राहिला असेल तर सलते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी 'सलतंय' म्हणाले तर भिंग घेऊन बघावे. डंखाभोवती उठतात त्या गांधी. सगळ्या अंगावर गांधी उठल्या तर मामला वेगळा : तो वेदनेचा राहत नाही, ॲलर्जीचा होतो. ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, धाप, घेरी यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन.

मांडवीकाठ : याच ओघात 'जहाल' टाळा. त्यात फार दुखणे आणि फार विषारी हे दोन्ही अर्थ मिसळतात. टॅरँटुला हॉक भयंकर दुखवते, जीव सहसा घेत नाही. उलट चिऱ्यांच्या ढिगात सापडणाऱ्या लाल विंचवाचा डंख कधी फार न दुखताही हृदयावर उठतो. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध याच दंशासाठी वापरात आणले. विंचू आठपायी, कीटक नव्हे, म्हणून श्मिट यांच्या यादीत तो शोधू नये. पत्रकात त्याला वेगळी चौकट द्या.

पाटो : घोणीलाही द्या, आणि तिथे अक्षरे ठळक करा. घोण म्हणजे शंभरपायी. ती पुढच्या पायांच्या जोडीपासून बनलेल्या नख्यांनी विष टोचते, त्यामुळे धड चावाही नाही आणि धड डंखही नाही. 'घोणीचा दंश' पुरे. पण घाईत, फोनवर, 'घोण चावली' आणि 'घोणस चावली' यांतला एक 'स' ऐकू येत नाही. एकीचा दंश ठणकून बहुधा बरा होतो, दुसरी भारतातल्या सर्वांत घातक सापांपैकी एक. म्हणून 'शंभरपायी घोण' आणि 'घोणस साप' असे जोडूनच लिहावे आणि बोलावे.

कुळागर : पुष्कळ झाले. मधमाशीपुढे आता असे लिहितो : 'डंख बसताच काटा उपसा, मोहोळापासून दूर जा, साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे धरा. विष उतरवण्यासाठी चुना लावू नये.'

खाजन : शेवटच्या वाक्यातून 'विष उतरवण्यासाठी' काढा. ते शब्द वाचले की विष उतरवणारा कोणीतरी शोधावा असे लोकांच्या मनात येते. 'चुना लावू नका, कातडी भाजते' एवढेच ठेवा.