मदत हवी आहे: ‘खोदून विचारणारा’ समजावायला कोणती चित्रपट्टी घेऊ?

नमस्कार मंडळी,

लालबागला आमच्या चाळीच्या सभागृहात दर शनिवारी सातवी ते नववीच्या मुलांचा गोष्टी लिहिण्याचा वर्ग घेते. यंदा त्यांच्या हातात ठेवायला २४ पानांची छोटी पुस्तिका करतेय. काळी-पांढरी छपाई, किंमत ४० रुपये. सगळी पानं लागली, एक पान अडलंय.

त्या पानावर संवादातून गोष्ट सांगायची एक रीत आहे. मी तिला वर्गात ‘खोदून विचारणारा’ म्हणते. एकजण काहीतरी सांगतो, दुसरा विचारत राहतो, आणि पहिल्याला जे सांगायचंच नव्हतं ते त्याच्या तोंडून निघतं. पोवाड्यातला झीलकरी ‘जी जी रं जी’ करत शाहिराला साथ देतो. तमाशाच्या गवळणीतली मावशी मात्र कृष्णाला आणि पेंद्याला उलटसुलट विचारत सुटते. मला मावशी हवी आहे. मुलं संवाद लिहितात तेव्हा दुसरं पात्र नुसतं ‘हो का?’, ‘मग?’ करत बसतं, म्हणजे तो झीलकरीच झाला.

गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीने हे लिहून आणलं:

– छत्री कुठाय?
– हरवली. लोकलमध्ये राहिली.
– घर तुझं चिंचपोकळीला, शाळा इथे. लोकलने कुठे गेला होतास?
– परळला.
– परळला काय होतं?
– केईएम. आजोबांना गावाहून आणलंय.
– कोणत्या वॉर्डात?

केईएम म्हणजे परळचं रुग्णालय. आजोबा आजारी आहेत, मुलगा घाबरलाय, असं एक वाक्य यात नाही. तरी वाचून वर्ग गप्प झाला.

आता या रीतीशेजारी एक चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) हवी. मुलांना चित्रातला चेहरा बदललेला दिसला की ती चटकन धरतात, नुसतं सांगून तेवढं पोचत नाही. मी तीन ठिकाणी शोधलं.

पहिला अर्थात चिंटू. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा चिंटू १९९१ पासून. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांनी तो रोज सकाळी पेपरात वाचलाय. प्रश्न विचारून मोठ्यांना पेचात पकडणं हे चिंटूचं खास काम, त्यामुळे तोच सगळ्यात जवळचा. पण विकायच्या पुस्तिकेत छापायचा तर परवानगी लागणार.

दुसरा आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. वरळी सी-फेसवर त्याचा पुतळा आहे, मुलांनी पाहिलेला. पण तो सगळं ऐकतो, पाहतो आणि एक शब्द बोलत नाही. शिवाय चित्र एका चौकटीचं. विचारणं, टाळणं, पुन्हा विचारणं याला निदान तीन चौकटी हव्यात. फार आवडतो, पण या पानावर बसत नाही.

तिसरी, जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांतली ‘मट अँड जेफ’. एक उंच, एक बुटका, सतत एकमेकांशी हुज्जत. ती १९०७ मध्ये सुरू झाली. इंग्रजी पुसून संवादाच्या फुग्यांत मराठी घालता येईल का?

तुम्ही कोणती घ्याल? आणि हक्कांबद्दल नीट माहिती असलेलं कुणी आहे का?

प्रतिसाद, डोंबिवलीकर

ताई, आधी हक्कांचं. आपल्याकडे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. ‘मट अँड जेफ’चा बड फिशर १९५४ ला गेला, म्हणजे त्याचं काम २०१५ पासून इथे मोकळं आहे. एवढंच बघा की १९३२ नंतर ती पट्टी अल स्मिथ काढत असे, त्यामुळे १९२० च्या आसपासचीच निवडा. वर्गात शिकवताना शिक्षकाला चित्र दाखवायची मुभा कायद्यात आहे, पण तुम्ही ४० रुपयांना विकणार, तेव्हा चिंटूसाठी त्या मुभेवर विसंबू नका. सरळ पत्र लिहा.

प्रतिसाद, बोरूवाला

मी वीस वर्षं फुग्यांत अक्षरं लिहितोय, म्हणून सांगतो. इंग्रजी पुसून मराठी घालणं दिसतं तितकं सोपं नाही. त्यांचे फुगे नुसत्या मोठ्या लिपीतल्या अक्षरांसाठी आखलेले असतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत शिरतो. अक्षर लहान करावं लागतं आणि तुमच्या छपाईत ते शाईने भरून येईल.

माझं मत विचाराल तर त्या मुलीचा छत्रीचा संवादच चौकटीत मांडा. विचारणारी पहिल्या चौकटीत डावीकडे, कारण पहिला फुगा तिचा आणि आपण डावीकडून वाचतो. एकदा डावीकडे उभी केली की शेवटपर्यंत तिथेच. ‘परळला काय होतं?’ नंतर एक चौकट फुग्याशिवाय ठेवा. नुसता मुलाचा चेहरा, केसांतून पाणी गळतंय. केईएम त्याच्या पुढच्या चौकटीत. सगळ्याच चौकटी बोलक्या केल्यात तर तो टाळतोय हे दिसणारच नाही.

धागाकर्ती

डोंबिवलीकर, मनापासून आभार. चिंटूसाठी पत्र आजच लिहिते. होकार आला तर पुढच्या आवृत्तीत घेईन, कारण घरच्या घरी पट्टी वाचून मुलांनी ‘इथे कोण खोदतंय?’ हे शोधावं असं मला फार वाटतं.

बोरूवाला दादा, बिनफुग्याच्या चौकटीचं मला सुचलंच नव्हतं. त्या मुलीला काल विचारलं. ती म्हणाली, ‘बाई, तिथे मीही थांबले होते, पण वहीत थांबणं कसं लिहायचं ते कळेना.’ आईशी बोलून तिची परवानगी घेतली, पट्टीखाली तिचं नाव येईल.

एकच अडचण उरली. ‘कोणत्या वॉर्डात?’ हा शेवटचा फुगा. चौकटी पाच होतात आणि पानाच्या रुंदीत चारच मावतात. शेवटचा प्रश्न केईएमच्याच चौकटीत घातला तर दोन्ही घाईत वाचले जातील. पहिल्या दोन चौकटींची एक करून जागा काढतेय. दादा, कच्चं रेखाटन उद्या रात्री इथे टाकते, फुग्यांच्या जागा तेवढ्या तपासून द्याल का? शुक्रवारी पानं छापखान्यात द्यायची आहेत.