आईबाबांसोबत व्हिएन्नात तीन रात्री: काय पाहावे आणि काय सोडावे?

इसारकाठी (प्रश्न)

नमस्कार. मी गेली चार वर्षे नोकरीनिमित्त म्युनिकला राहते. मे महिन्यात आईबाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे येत आहेत आणि त्यातल्या एका शनिवार-रविवारला जोडून तीन रात्री व्हिएन्नात काढाव्यात, असा बेत आहे. शुक्रवारी सकाळच्या रेल्वेने निघायचे आणि सोमवारी संध्याकाळी परतायचे, इतके ठरले आहे. त्यांचा व्हिसा जर्मनीचा आहे आणि मुख्य मुक्काम इथेच असल्यामुळे तोच शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियातही चालतो, तेव्हा ती चिंता नाही.

अडचण आहे ती यादीची. भावाने पाठवलेल्या यादीत शॉनब्रुन आणि बेल्वेडेअर हे राजवाडे, दोन संग्रहालये, सेंट स्टीफनचे चर्च, ऑपेरा, प्राटर या बागेतला उंच पाळणा, बेथोव्हेनची समाधी आणि शिवाय एक दिवस बुडापेस्ट, इतके सगळे आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास चालते, पण जिना दिसला की तिचा चेहरा उतरतो. ती शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. बाबा इतिहासाचे शौकीन आहेत आणि प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, त्यामुळे त्यांचा वेग हा वेगळाच विषय आहे. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ट्रामवाला

मी व्हिएन्नात सहा वर्षे राहिलो आहे. माझ्या मते ही आखणी स्थळांच्या यादीवरून न करता वारांवरून करावी, कारण या शहरात शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार हे चारही दिवस वेगवेगळ्या तऱ्हेचे असतात.

बुडापेस्ट आधी गाळा. जायला अडीच तासांहून अधिक आणि यायला तितकेच, म्हणजे आईंचा दिवस गाडीतल्या खुर्चीवरच जाईल.

शुक्रवारी दुपारी मुख्य स्थानकावर उतरल्यावर यू-१ ही मेट्रो घेतली की तिसरे स्थानक श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे सेंट स्टीफन चर्चचे दार. तिथल्या दक्षिणेकडच्या उंच मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तिकडे बघूही नका. उत्तरेकडच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि पुमरिन ही प्रचंड घंटाही त्याच मनोऱ्यात आहे. तुर्कांनी १६८३ मध्ये व्हिएन्नाला घातलेला वेढा मोडल्यावर त्यांच्या ज्या तोफा हाती लागल्या, त्यांच्या धातूतून १७११ मध्ये मूळ घंटा ओतली गेली. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच तुकड्यांतून १९५१ मध्ये आजची, सुमारे वीस टनांची घंटा घडवण्यात आली. बाबांना हेही सांगा की व्हिएन्नाचा वेढा उठला त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगिजांवर चालून गेले होते. मला स्वतःला त्या घंटेजवळ उभा असताना हे आठवले आणि उगाच आपल्या घराजवळ असल्यासारखे वाटले.

शनिवारी सकाळी शॉनब्रुन. प्रवेशाची वेळ ठरलेली असते, म्हणून सकाळची सर्वांत पहिली वेळ आधीच आरक्षित करावी. राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत, पण प्रवाशांना त्यातला लहानसा भागच दाखवतात, आणि तेवढा पुरे होतो. आरशांच्या दालनात सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये महाराणी मारिया तेरेझापुढे वादन केले होते. मागच्या बागेला तिकीट नाही. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूकडे चालत जाण्याचा हट्ट मात्र धरू नका, बागेत फिरणारी छोटी गाडी आहे, तिने जावे. परतताना त्याच यू-४ मेट्रोने केटनब्रुकेनगासेला उतरलात की नाशमार्क्ट हा बाजार लागतो. शनिवारी त्याला लागूनच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि रविवारी नाशमार्क्टची दुकाने बंद असतात, म्हणून हे दोन्ही शनिवारीच उरकावे.

रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. दूध, फळे वगैरे शनिवारीच घेऊन ठेवावीत. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने तेवढी उघडी मिळतात. हा दिवस कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयाला द्या, कारण मे महिन्यात ते सोमवारी बंद असते. सगळे पाहायचे ठरवले तर काहीच लक्षात राहत नाही, हे अनुभवाने सांगतो. ब्रॉयगल या चित्रकाराच्या दालनात बसायला मऊ कोच आहेत. आईंना तिथे बसवा आणि ‘बर्फातील शिकारी’ हे १५६५ चे चित्र निवांत बघू द्या. थकून परतणारे तिघे शिकारी, त्यांच्यातल्या एकाच्या पाठीवर लटकलेला एकुलता एक बारका कोल्हा, माना टाकून चालणारी कुत्री आणि खाली गोठलेल्या तळ्यावर घसरगुंडी खेळणारी मुंगीएवढी माणसे. अर्धा तास सहज जातो आणि पाय अजिबात दुखत नाहीत.

दुपारी ट्राममध्ये बसून रिंगरस्ता पाहावा. जुनी तटबंदी पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रान्त्स योझेफ याने १८५७ मध्ये काढला आणि तिच्या जागी केलेला हा रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. संसद, नगरभवन, विद्यापीठ, ऑपेरा, सगळे त्याच्याच कडेला आहे. एकच ट्राम पूर्ण फेरा मारत नाही. श्वेडेनप्लाट्झहून १ क्रमांकाने ऑपेरापर्यंत यावे आणि तिथून २ क्रमांकाने परत जावे.

सोमवारी सामान मुख्य स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून वरच्या बेल्वेडेअरला जावे. ते सोमवारीही उघडे असते, क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र तिथेच आहे आणि स्थानक चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

दोन गोष्टी राहिल्या. मेट्रोत शिरताना अडवणारी फाटके नाहीत, त्यामुळे कागदी तिकीट निळ्या यंत्रात घालून त्यावर छाप उमटवावा लागतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात खिशात कोरे तिकीट घेऊन ऐटीत बसलो होतो. शंभर युरोंहून अधिक दंड भरला, आणि चूक सर्वस्वी माझी होती. दुसरे म्हणजे, परतीच्या गाडीत जर्मन हद्दीत पोलीस कागदपत्रे तपासतात. पासपोर्ट आणि तुमचे निवासपत्र सामानाच्या तळाशी नको.

चिंचगूळ

वरील प्रतिसाद उत्तम आहे, त्यात फक्त जेवणाची भर घालते. व्हिएन्नात ‘बटाट्याची कोशिंबीर आहे, म्हणजे शाकाहारी’ असे समजू नये, कारण ती पुष्कळदा गोमांसाच्या रश्शात कालवलेली असते. सुपांचेही तसेच. अंडे चालत नसेल तर कैसरश्मार्न हा तुकडे केलेला गोड धिरडेवजा पदार्थ आणि प्रसिद्ध झाखरटोर्टे केक, दोन्ही बाद होतात. आपफेलश्ट्रुडेल मात्र विचारून पाहावा: त्याचे पीठ परंपरेने मैदा, पाणी आणि तेल यांचे असते आणि ते इतके पातळ ताणतात की खाली ठेवलेला कागद वाचता यावा. आत सफरचंद, बेदाणे आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा. पिठात अंडे आहे का आणि बेदाण्यांना रम लावली आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. माझ्या सासूबाई तीन दिवस दुपारी त्यावरच होत्या आणि रात्री नाशमार्क्टजवळचे फलाफल.

कॉफीगृहात दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. मेलान्ज मागवली की चांदीच्या रंगाच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा पेला येतो. हिशेब मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. ते दुर्लक्ष नसून रीत आहे. नळाचे पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून १८७३ पासून नळवाटे शहरात येते, तेव्हा बाटल्या विकत घेण्याचे काही कारण नाही.

चर्चसमोर मोझार्टच्या पोशाखात मैफिलींची तिकिटे विकणारी मुले गाठतील. आम्ही घेतली, आणि सुरेख सभागृहाऐवजी कोंदट हॉलमध्ये पाऊण तासाचा कार्यक्रम निघाला. त्या पैशांत चार दिवसांची कॉफी झाली असती.

देशोदेशी

माझे ट्रामवाला यांच्याशी एका बाबतीत जुळत नाही: त्यांच्या आखणीत प्राटरचा पाळणा कुठेच आलेला नाही. तो जत्रेतल्या पाळण्यासारखा नसून १८९७ चा, जवळजवळ ६५ मीटर उंचीचा आहे, त्याचे डबे बंदिस्त, खोलीएवढे आहेत आणि तो इतका हळू फिरतो की चक्कर येण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धात जळाल्यानंतर उभारताना तिसापैकी पंधराच डबे परत लावले, म्हणून ते आज विरळ दिसतात. एकही पायरी न चढता सगळे शहर दिसते, हे आईंच्या दृष्टीने महत्त्वाचे. रविवारच्या फेरीतल्या ट्राम क्रमांक १ चे एक टोक प्राटरलाच आहे, पण ते पाळण्यापासून दूर पडते. यू-१ ने प्राटरश्टेर्नला उतरावे.

ऑपेराची उभे राहण्याची तिकिटे स्वस्त असतात आणि लोक कठड्याला रुमाल बांधून आपली जागा धरतात, हा अनुभव गमतीचा आहे, पण गुडघे दुखत असताना तीन तास उभे राहणे योग्य नाही. मे महिन्यात ऑपेराच्या बाहेरच्या भिंतीवरील मोठ्या पडद्यावर काही प्रयोग थेट दाखवतात, समोर खुर्च्याही असतात आणि तिकीट नसते. तुमच्या तारखांना आहे का, तेवढे बघून घ्या.

इसारकाठी

सर्वांचे मनापासून आभार. बुडापेस्ट आणि समाधी दोन्ही गाळली, पाळणा रविवारी संध्याकाळी ठेवला. काल फोनवर बाबांना घंटेची हकिकत सांगितली, तर त्यांनी लगेच १६८३ सालावर टिपणे काढायला नवी वही घेतली आहे. आईने फक्त एवढेच विचारले, की लिफ्ट नक्की उत्तरेकडच्याच मनोऱ्याला आहे ना.