शब्दचर्चा: 'कन्सेप्च्युअल मॉडेल'ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: डेटाबेसवरच्या एका भाषांतरात 'संकल्पनात्मक आराखडा' असं वाचलं. कानाला खटकतंय. दुसरा शब्द?

गटवारी: खटकणारच. आराखडा म्हणजे जे उभारायचंय त्याची योजना, उदा. विकास आराखडा. इथे तर सॉफ्टवेअर अजून दृष्टिपथातही नसतं. ज्या व्यवहारासाठी ते करायचं, त्यात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांची आपापसांत नाती काय, एवढंच ठरवायचं. माहिती साठवायची टेबलं, इंडेक्स वगैरे नंतर. 'प्रारूप'ही नको, प्रारूप मतदार यादी म्हणजे कच्ची यादी. 'संकल्पचित्र' तर इमारतीच्या जाहिरातवाल्यांनी नेलं. माझं मत 'संकल्पना-प्रतिमान'ला. बोलताना सरळ 'मॉडेल'.

रानवाट: आणि एन्टिटी, अॅट्रिब्यूट, कार्डिनॅलिटी?

चौकटराजा: घटक (ज्याची नोंद ठेवायची ती गोष्ट), गुणधर्म (तिची माहिती). कार्डिनॅलिटीला, म्हणजे एका बाजूच्या एकाशी दुसऱ्या बाजूचे किती जोडले जातात याला, एक शब्द शोधत बसू नका. 'एकास अनेक', 'अनेकास अनेक' म्हटलं की काम होतं. घटक-संबंध आकृत्यांची पद्धत मांडणाऱ्या पीटर चेन यांच्या 1976 च्या मांडणीत घटक आयतात, संबंध समभुज चौकोनात; पुढे रूढ झालेल्या चेन पद्धतीत गुणधर्म लंबगोलात.

गटवारी: सातबाऱ्यावर लावून बघा. नवखा माणूस 'जमीन' हा घटक करतो आणि 'मालकाचं नाव' त्याचा गुणधर्म. इथेच गाडी घसरते. एका गटात (क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात) अनेक खाती (मालकांच्या महसुली नोंदी) असतात, एका खात्यात अनेक गट (म्हणून तर खात्यातले सगळे गट दाखवणारा 8अ उतारा लागतो), आणि सामाईक खात्यात अनेक खातेदार, तसाच एक खातेदार अनेक खात्यांत. म्हणजे गट, खाते, खातेदार हे तीन वेगळे घटक, मध्ये दोन 'अनेकास अनेक' संबंध.

आता क्षेत्र कुठे लिहाल? 1 हेक्टर 20 आरच्या गटात एका खात्याचे 80 आर, दुसऱ्याचे 40. हे आकडे ना एकट्या गटाचे, ना एकट्या खात्याचे; ते संबंधाचे गुणधर्म. त्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी हवी, हा नियमही मॉडेलातच लिहायचा. सामाईक खात्यात मात्र प्रत्येक खातेदाराचं क्षेत्र वेगळं लिहिलेलं नसतं. तिथे 'खातेदाराचं क्षेत्र' हा रकाना सक्तीचा केलात, तर भरणारा भागाकार करून मोकळा होतो आणि कुणीच न केलेली वाटणी नोंदली जाते.

चौकटराजा: ओळखीचं विसरू नका. गट क्रमांक 112 गावोगावी सापडेल. गावाशिवाय त्याची ओळख पटत नाही, म्हणून तो दुबळा घटक; चेन पद्धतीत दुहेरी आयत.

रानवाट: फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) म्हणजे मग संबंध की घटक?

गटवारी: घटक. त्याला स्वतःचा क्रमांक, तारीख, प्रकार (खरेदी, वारस, बोजा) असतो, आणि एकच फेरफार अनेक गटांना लागू शकतो. शिवाय उताऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत; पूर्वी कंस करत, आता त्यावर आडवी रेघ मारतात. मॉडेलात खाते-खातेदार संबंधाला 'कोणत्या फेरफाराने सुरू, कोणत्या फेरफाराने बंद' हे दोन दुवे हवेत. ते नसले की नवं नाव जुन्यावर लिहिलं जातं आणि आधीचा मालक कोण, हे सांगायला काहीच उरत नाही.