फ्रेंचमधला प्ल्युस्क्‌पार्फे आणि आपला 'होतो'

प्रश्न: फ्रेंचच्या वर्गात सध्या प्ल्युस्क्‌पार्फे चालू आहे. मराठीत याला पूर्ण भूतकाळच म्हणायचं ना? रूपं पाठ आहेत. पण 'मी काल तुमच्याकडे आलो होतो' याचं 'झेते व्हन्यु' असं भाषांतर केलं की बाई काट मारतात आणि 'झ स्वी व्हन्यु' लिहायला सांगतात. 'होतो' गेला कुठे?

उत्तर: नाव पूर्ण भूतकाळच ठेवा, घडणही बरीचशी तशीच आहे. सहायक क्रियापद भूतकाळात आणि त्याच्या जोडीला धातुसाधित. पार्ले, म्हणजे बोलणे, याची रूपं अशी: झाव्हे पार्ले, त्यु आव्हे पार्ले, इल आव्हे पार्ले, नूझाव्हियाँ पार्ले, व्हूझाव्हिये पार्ले, इल्झाव्हे पार्ले. लिहिताना शेपट्या वेगवेगळ्या, पण मी, तू, तो आणि ते या चौघांचा 'आव्हे' कानाला एकच लागतो.

घोळ वापरात आहे. 'काका आले' म्हटलं की काका अजून घरात आहेत. 'काका आले होते' म्हटलं की येऊन गेले. आपला 'होते' एवढंच सांगतो की त्या येण्याचा परिणाम आता उरलेला नाही. फ्रेंच प्ल्युस्क्‌पार्फेला एवढ्यावर भागत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी एखादी घटना किंवा वेळ लागते, आणि तिच्याही आधी हे घडलेलं असावं लागतं. म्हणून 'काँ झ स्वी आरिव्हे आ ला गार, ल त्रँ एते देझा पार्ती': मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. इथे पोचणं आहे, म्हणून सुटण्याला 'एते पार्ती'. तुमच्या वाक्यात नुसतं 'काल' आहे. काल कशाच्या आधी? ते सांगितलेलं नाही, मग पासे काँपोझे, म्हणजे 'झ स्वी व्हन्यु'वाला रोजचा भूतकाळ. बाईंचं बरोबर आहे.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त नडतं. 'तो म्हणाला, मी जेवलो' या वाक्यात आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, काळाला हात लावत नाही. फ्रेंचमध्ये 'म्हणाला' भूतकाळात गेला की आतलं जेवणही एक पायरी मागे सरकतं: इल आ दी किल आव्हे माँझे. मराठीत 'होतो'चा मागमूस नाही, तरी फ्रेंचमध्ये प्ल्युस्क्‌पार्फे.

दुसरा प्रश्न: 'झाव्हे' कधी आणि 'झेते' कधी? मराठीवरून ओळखायची काही युक्ती?

उत्तर: अर्धीमुर्धी आहे. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे असली मोजकी क्रियापदं आणि स्वतःवर क्रिया उलटवणारी सगळी क्रियापदं 'एत्र' (असणे, त्याचंच 'झेते') घेतात. यातली बरीचशी मराठीतही 'मी गेलो, ती आली' अशी कर्तरी चालतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. फ्रेंचमध्येही बाई असेल तर 'झेते आले'च्या शेवटी एक जास्तीचा ए लिहायचा, ऐकू मात्र येत नाही. पण एवढ्यावर विसंबू नका. 'मी झोपलो', 'मी हसलो', 'मी धावलो' हेही आपल्याकडे कर्तरीच, आणि फ्रेंचमध्ये मात्र तिन्ही आव्ह्वारवाले ('झाव्हे' त्याचंच रूप): झाव्हे दोर्मी. 'उतरणे' बघण्यासारखं आहे. मी उतरलो होतो, मी बॅग उतरवली होती. आपण क्रियापदच बदलतो. फ्रेंच माणूस क्रियापद तेच ठेवून सहायक बदलतो: झेते देसाँद्यु, पण झाव्हे देसाँद्यु ला व्हालीझ.

आणखी एक मत: कर्माचंही सांगायला हवं. 'चिठ्ठी लिहिली होती, पत्र लिहिलं होतं' असं आपलं क्रियापद मुकाट कर्मामागे जातं. फ्रेंचमध्ये आव्ह्वारबरोबर कर्म नंतर आलं तर धातुसाधित जागचं हलत नाही, कर्म आधी आलं तर बदलतं. 'ला लेत्र क झाव्हे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. एरवी 'एक्री'तला मुका त इथे चक्क ऐकू येतो. हा नियम 16 व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर मांडला असं सांगतात, आणि फ्रेंच पोरं आजही त्याला शिव्या घालतात. आपल्याला मात्र 'ला' लागला की सुटका: 'त्याने तिला पाहिलं होतं'. फ्रेंचला ती सवलत नाही, तिथे 'ती' क्रियापदाच्या आधी आली की 'पाहिलं'ही स्त्रीलिंगी.

आणि 'होतो' अगदी शंभर टक्के जुळतो अशी एक जागा आहे. दारात उभं राहून आपण म्हणतो, 'जरा एक विचारायला आलो होतो'. आत्ता समोर उभा असतो, तरी 'होतो', कारण नुसतं 'विचारायला आलोय' हे जरा अंगावर आल्यासारखं वाटतं. फ्रेंच माणूसही भिडस्तपणे तेच करतो: 'झेते व्हन्यु व्हू दमाँदे अँ सेर्व्हिस'. इथे दुसरी घटना वगैरे काही शोधू नका.

तिसरा प्रश्न: जर-तरच्या वाक्यात?

उत्तर: आपण दोन्हीकडे 'असता' घालतो: तू फोन केला असतास तर मी आलो असतो. फ्रेंचमध्ये फक्त 'जर'च्या अंगाला प्ल्युस्क्‌पार्फे, 'तर'ला काँदिस्योनेल, म्हणजे संकेतार्थी रूप: सी त्यु माव्हे तेलेफोने, झ सरे व्हन्यु. फ्रेंच शाळेत यावर एक घोकंपट्टी आहे, की 'सी'ला, म्हणजे 'जर'ला, 'रे' आवडत नाही. म्हणजे 'सी'च्या मागून 'सरे', 'ओरे' असलं काही आणायचं नाही. मराठी माणूस सवयीने दोन्हीकडे तेच रूप टाकतो आणि नेमका इथे मार्क घालवतो.

जुन्या कादंबऱ्यांत याचाच भाऊबंद पासे आँतेरियर दिसेल, 'इल यु पार्ले' असा. वाचताना ओळखता आला की पुरे, बोलण्यात कोणी वापरत नाही.