पुनर्विकास, पुनरुज्जीवन की अजून काही?

आम्ही कॉलेजचे सात जण मिळून प्रोजेक्ट करून राहिलो, आमच्या तालुक्याच्या गावातला मेन रोडचा बाजार पुन्हा कसा चालता होईल यावर. बाकीचे कॉमर्स नि भूगोलवाले, मराठीचा मी एकटाच, त्यामुळे प्रश्नावलीची भाषा माझ्या गळ्यात पडली. मूळ कागदावर 'रीजनरेशन' होतं, मी ठोकून दिलं 'बाजारपेठेचा पुनर्विकास' आणि पन्नास झेरॉक्स मारल्या. पहिल्याच दुकानात चपलांवाल्या काकांनी हेडिंग वाचलं, कागद पालथा घातला नि म्हणाले, "नगरपंचायतीनं पाठवलं का? ओटा पाडता का आमचा?" बाजूच्या भांडेवाल्यानं तर शटरच अर्धं ओढलं. वर 'सहकारी संशोधन' असंही लिहिलं होतं, तर एक आजी विचारते सोसायटीचं कर्ज कधी वाटता. मॅडम म्हणतात पुनरुज्जीवन लिहा, पण ते मला नदी-तलावाचं वाटते. काय लिहू?

प्रतिसाद:
ओट्याचं वाचून हसलो, सॉरी. पुनर्विकास शब्दात खोट काही नाही, पण पेपरात तो येतो चाळी नि जुन्या बिल्डिंगींसोबत, म्हणजे पाडा नि बांधा, मग काकांना ओटा आठवणारच. पुनरुज्जीवन बाजाराला चालतं. उत् + जीवन = उज्जीवन, त्याच्यामागे पुनः, म्हणून रु ऱ्हस्व आणि ज्ज जोडाक्षर, 'पुनरुजीवन' लिहू नका (बॅनरवर हमखास तसंच असतं). गंमत म्हणजे उज्जीवनातच जीव परत येणं आहे, पुनः खरं तर जास्तीचं, पण आता रुळलंय. 'सहकारी' मात्र काढाच. महाराष्ट्रात सहकारी म्हटलं की बँक नाहीतर सोसायटी. 'सहयोगी' लिहा, किंवा सरळ 'आम्ही सात जणांनी मिळून'.

प्रतिसाद:
बाप्पा, एवढं संस्कृत कायले पाह्यजे? आपल्या इकडं बजार भरते, उठते, मोडते, अन् धंदा बसते. माह्या मते खरा शब्द हाय 'चुकारा', म्हंजे इकलेल्या मालाचे पैसे. कापसाचे पैसे हाती आले का मानूस आधी उधारी फेडे, मंग लुगडं, भांडे, चपला. आपले गावं उभेच राह्यले कापसावर, खामगावले १८७० मध्ये रेल्वेचा फाटा गेला थो कापसासाठीच, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, हिंगणघाटची त्याच्या मागूनच. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, म्हंजे कापूस सरकारलेच इकाचा, तवा चुकारा लेट झाला का अख्खा मेन रोड माशा मारे. आता चुकारा खात्यात येते अन् पोरगं मोबाइलवरून बूट मागवते, पैसा गावात थांबतच नाई. पोरांनो, चुकारा कुठं जाते थे इचारा.

मूळ लेखक:
काका, तुमचं ऐकलं. हेडिंग बदललं, 'मेन रोडवर गिऱ्हाईक परत कसं येईल?' एवढंच, नि प्रश्नावलीत चुकारा घातला. चपलांवाल्या काकांनी यावेळी स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि गल्ल्याखालून लाल कापडाची उधारीची वही काढली. जुन्या पानांवर नावासमोर 'चु. वर' असं पेन्सिलनं लिहिलंय, म्हणजे चुकाऱ्यावर देणार, आणि फेडल्यावर आडवी रेघ. अलीकडची पानं पाहिली तर 'चु. वर' जवळपास नाहीच, उधारीच कोणी मागत नाही म्हणाले, गिऱ्हाईकच नाही तर उधारी कोणाची. आमची कॉमर्सवाली तिथंच बसून नोंदी उतरवून घेत होती, दोन तास.

रिपोर्टात पुनरुज्जीवन ठेवतो, ज्ज सकट. आता घोडं अडलं 'शहरी' वर. विषयात 'शहरी अर्थव्यवस्था' आहे, आणि जनगणनेच्या हिशोबात नगरपंचायत असली की गाव आपोआप शहर, नाहीतर मग ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि ७५ टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर अशा अटी आहेत. इथं तर चपलांवाले काका स्वतः आठ एकर कापूस लावतात. 'निमशहरी' कसा वाटतो? भांडेवाल्याकडं अजून जायची हिंमत झाली नाही.