हेडलाइटच्या रिकॉलमध्ये गाडी आहे, पण पार्ट मिळत नाही
मदत हवी आहे. गाडी 2021ची, सेकंड-हँड घेतलेली, आरसी माझ्या नावावर. कंपनीच्या साइटवर 17 अक्षरं-आकड्यांचा चासी नंबर टाकला की हेडलाइटच्या रिकॉलमध्ये (सदोष पार्ट दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) दिसते. लो बीम चालता चालता जातो. परवा खंबाटकी घाटात गेलाच. हाय बीमवर उतरलो, समोरच्यांच्या शिव्या खात. बल्ब, फ्यूज, रिले तपासून झालं. सर्व्हिस सेंटर दीड महिना ‘पार्ट आला की फोन करतो’ म्हणतंय, जॉबकार्डही (कामाची लेखी नोंद) करून देत नाही. कस्टमर केअरला दोन मेल केले, उत्तर नाही. रिकॉलचं काम फुकट असतं हे माहीत आहे, पण रात्रीची पुणे-सातारा ये-जा टळत नाही. बाहेरून युनिट बदललं तर बिलाचे पैसे कोणाला परत मिळालेत का, की रिकॉलचा हक्कच जातो?